सोळा घरांची ढोलकी

आमच्या नणंदबाईंच्या बोटांचं जेवढं शिक्षण झालं आहे, तेवढं आमच्या अख्ख्या घराण्यात कुणाच्या डोक्याचंही झालेलं नाही. हे मी रागानं म्हणत नाही, आणि सासरच्या माणसांना नावं ठेवायची हौस म्हणूनही नाही. घराण्यात दोन इंजिनिअर आहेत, एक वकील आहे, सोयगावकडची शेती सांभाळून उरलेल्या वेळात पुढारीपण करणारे दोन चुलत दीर आहेत. पण त्यांतल्या एकालाही पाठ ताठ ठेवून, हाताकडे न बघता, दहा बोटांकडून दहा वेगळी कामं करून घेता येत नाहीत. नणंदबाईंना येतात. त्या आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. सगळे त्यांना अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणते. लग्न केलं नाही, सिडकोत आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एकट्या राहतात, आणि उभं आयुष्य त्यांनी शहरातल्या पोरापोरींना टायपिंग शिकवण्यात घातलं.

गुलमंडीजवळ एका माडीवर त्यांची टायपिंगची संस्था होती. लाकडी जिना, वर लांबच लांब खोली, बाकांवर ओळीनं मांडलेली यंत्रं आणि प्रत्येक यंत्राच्या पोटाशी बांधलेला एक कापडी पडदा. पडद्याआड हात घालायचे आणि समोरच्या कागदाकडे बघत टंकायचं, हा तिथला नियम. "डोळे वाचायला दिलेत देवानं, बोटं बघायला नाय," हे वाक्य पहिल्या दिवशी प्रत्येकाला ऐकावं लागे. अक्का हातातली लाकडी पट्टी टेबलावर आपटून ठेका धरत आणि अख्खा वर्ग त्या ठेक्यावर एकदम टकटक करी. खालून जाणाऱ्याला वाटावं, वरच्या पत्र्यावर गारा पडायला लागल्या. त्या गदारोळात वर्गाकडे पाठ करून उभ्या असल्या तरी कोण चुकलं ते त्यांना कळे. "तिसऱ्या बाकावरची, करंगळी आळशी हाय तुझी," असं त्या खिडकीबाहेर बघत म्हणत, आणि तिसऱ्या बाकावरची पोरगी दचकून करंगळी सरळ करी. एकदा मी त्यांच्याबरोबर कसल्याशा दाखल्यासाठी एका कचेरीत गेले होते. खिडकीपलीकडचे टक्कल पडलेले साहेब दोन बोटांनी, कोंबडी दाणे टिपते तसे, की-बोर्डवर टिपत बसले होते. अक्कांना बघितल्याबरोबर त्यांनी आधी दहाही बोटं जागच्या जागी नेली आणि मग मानेनंच नमस्कार केला. दाखला तेव्हाच्या तेव्हा मिळाला.

बोटांना अशी सवय लागली की ती घरी गेल्यावर सुटत नाही. अक्कांची बोटं कुठंही चालतात. सोफ्याच्या हातावर, ताटाच्या कडेला, देवळातल्या खांबावर, दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलावर. सांत्वनाला गेलो तरी सतरंजीवर त्यांची बोटं सावकाश हलत असतात. मला मेलीला पहिल्यापासून चौकसपणाची खोड. नवी नवरी म्हणून घरात आले तेव्हापासून मला एकच कोडं: ह्या टाईप काय करत असतील? एकदा माझ्या हातून वरणात मीठ जास्त पडलं. ताटाच्या कडेवर अक्कांची बोटं इतका वेळ चालली की मला वाटलं, माझ्यावर अख्खा अर्ज टाईप होतोय. धीर करून विचारलं, "अक्का, काय लिहिता हो?" तर म्हणाल्या, "काय नाय गं. बोटं मोकळी करायलेय." हेच उत्तर मला पुढं कितीतरी वर्षं मिळत राहिलं, आणि माझं कोडं जागच्या जागी राहिलं.

अक्कांचा दुसरा गुण म्हणजे त्या कुणासाठी थांबत नाहीत. परीक्षेची वेळ झाली की संस्थेचं दार बंद. मग जिन्यात धापा टाकत उभा असलेला पोरगा मंत्र्याचा भाचा असो की आमच्या ह्यांच्यासारखा सख्खा भाऊ असो. रस्त्यावर सिग्नल लाल झाला की त्यांची बोटं गाडीच्या डॅशबोर्डवर चालायला लागतात आणि हिरवा व्हायच्या आधीच त्या ह्यांना म्हणतात, "झाला बघ, बघतोस काय!" त्यांच्या लग्नाचंही, सासूबाई सांगायच्या, असंच झालं. सोयगावकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा शाळेत मास्तर, बोलायला गरीब, अक्कांना पसंतही होता. त्याचं म्हणणं एवढंच की धाकट्या बहिणीचं लग्न उरकेस्तोवर वर्षभर थांबावं. अक्का म्हणाल्या, "घंटा वाजली की पेपर सुरू. थांबायचं कसलं?" आणि विषय संपला. सासूबाई ही गोष्ट हसत सांगायच्या, पण सांगून झाल्यावर पदरानं चष्मा पुसत बसायच्या.

मग परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या आणि माडीवरची यंत्रं मुकी झाली. अक्कांनी शेवटपर्यंत दार उघडं ठेवलं, पण शिकायला येणारी पोरं कमी कमी होत गेली आणि एक दिवस घरमालकानं माडी मागितली. यंत्रं भंगारात गेली. आम्हाला वाटलं, बाईनं आयुष्यभर कष्ट केले, आता बसेल निवांत. पण सकाळ-संध्याकाळ त्या गारांच्या आवाजात जगलेल्या बाईला निवांतपणा सोसेना. मी दुपारी त्यांच्याकडे गेले की टीव्ही मोठ्यानं लावलेला असे आणि अक्का त्याच्याकडे बघतही नसत. एकदा म्हणाल्या, "घरात लई शांत हाय गं. कान दुखायलेत माझे." बाई एकटी आहे हे इतकी वर्षं मला दिसत होतं, पण कळलं ते त्या दिवशी.

अशात आमच्या घरात एक डबा निघाला. म्हणजे झालं असं, की माझ्या लेकीनं कॉलेजात असताना हौसेनं बोटांनी ढोल वाजवायचं एक इलेक्ट्रॉनिक यंत्र मागवलं होतं. पोळपाटापेक्षा लहान, वहीइतकं, वर रबराची सोळा चौकोनी घरं, चार ओळींत चार. घर दाबलं की आवाज येतो आणि आतून दिवा लागतो. जोरात दाबलं तर जोरात, हळू दाबलं तर हळू. आत बॅटरी, पोटाशी छोटा स्पीकर, त्यामुळं पिशवीत घालून कुठंही न्यावं. लेकीची हौस दोन आठवड्यांत फिटली, ती नोकरीला पुण्याला गेली, आणि डबा कपाटावर धूळ खात पडला. एका रविवारी मी जळमटं काढताना तो खाली काढला आणि शेजारी बसलेल्या अक्कांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं माहेरचं माणूस गर्दीत दिसावं.

"ह्याच्यावर अक्षरं कुठायत?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला. मी म्हटलं, अक्षरं नसतात, आवाज असतात. त्यांनी एका घरावर तर्जनी ठेवून दाबली. धुम्म. दुसऱ्या घरावर मधलं बोट. टण्. अक्का पाठ ताठ करून बसल्या. मी लेकीला व्हिडिओ कॉल लावला, तर ती कौतुकानं म्हणाली, "आत्या, सोप्पंय, दिवे लागतील तसतसं दाबत जायचं." अक्कांचा चेहरा पडला. "दिवे बघून दाबायचं? म्हणजे बघून?" त्यांनी त्याच दिवशी काळी चिकटपट्टी आणून दिव्यांवर लावली, पण ती बोटांना चिकटायला लागली, तेव्हा जुन्या साडीच्या तुकड्याचा पडदा शिवून डब्यावर बांधला. त्याच्याआड हात घालून त्या बसल्या. मग धडा पहिला: चार बोटं, चार घरं, पुन्हा चार बोटं, चार घरं. मी म्हणायचे, "अक्का, एखादा ठेका तरी वाजवा ना." त्या म्हणायच्या, "शुद्धता आधी, वेग मागून." महिनाभर त्या घरातून नुसतं धुम्म-टण्-धुम्म-टण् ऐकू येत होतं. शेजारच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अक्कांकडं नळाचं काम निघालंय का हो?"

डबा टेबलावर सरकतो म्हणून त्या तो घेऊन शहागंजात टाइपरायटरवाल्या भाईंकडे गेल्या. कुठलं नवल बघायचं राहून जाऊ नये म्हणून मीही बरोबर. हे भाई त्यांची यंत्रं वर्षानुवर्षं दुरुस्त करायचे आणि त्यांना बाजी, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचे. आता दुकानात मोबाइलची कव्हरं टांगलेली, पण मागच्या फळीवर तेलाची कुपी अजून होती. भाईंनी डबा हातात घेतला, उलटा केला, कानाशी नेला.

"बाजी, इसमें फीता किधर डालते?"

"फीता लागत नाय भाई."

"और कागज?"

"कागद बी नाय."

भाई विचारात पडले. "फिर ये लिखता क्या?"

मला तो माणूस एकदम आपला वाटला, कारण इतकी वर्षं मी तेच विचारत होते. भाईंनी मग मागून शोधून जाड लोकरीचा नमदा काढला, टाइपरायटरच्या खाली घालायचे तसला, आणि डब्याच्या मापानं कापून दिला. "हौ, अब नै हिलता," म्हणाले, आणि पैसे नक्को म्हणून हात हलवला. डबा नमद्यावर असा बसला की त्याला आपण आवाज करणारं यंत्र आहोत हेच विसरायला झालं असावं.

आता ह्या सगळ्या खटाटोपामागं अक्कांच्या मनात काय होतं, ते मला उशिरा उमगलं. आमच्या कॉलनीत बायकांचं भजनी मंडळ आहे. दर एकादशीला देवळाच्या हॉलमध्ये बसतं, सप्ताहांना बाहेरगावी जातं. मंडळाच्या प्रमुख म्हणजे कॉलनीच्या काकू. मूळच्या करमाडच्या, मोठ्या शेतकरी घरातल्या. आवाज असा की माईक लावला तर माईकलाच दम लागावा. मंडळाची एक साडी आहे, मोरपंखी, जांभळ्या काठाची. सगळ्या एकसारख्या नेसून बसल्या की हॉल उजळून निघतो. ही साडी फक्त गाणारणीला किंवा वाजवणारणीला मिळते. अक्कांना ती नव्हती. गळा त्यांना देवानं दिलाच नाही, सगळं भांडवल बोटांत घातलं. एकदा काकूंनी मोठ्या मनानं त्यांच्या हातात टाळ दिले होते; पण अक्का ताल चुकणाऱ्या बाईच्या कानाशी जाऊन टाळ वाजवायला लागल्या, तेव्हा ते काढून घेतले. तेव्हापासून त्या मागच्या भिंतीशी, आपल्या फिक्या सुती पातळात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांशेजारी बसत. सगळा हॉल गात असताना त्या एकट्याच बाहेरच्या असायच्या.

मंडळाला ढोलकी वाजवायला एक बाप्या होता, चिकलठाण्याच्या कंपनीत कामाला. त्याची दुसरी पाळी असली की भजन बिनढोलकीचं. लग्नसराई आली की तो तर दिसायचाच नाही. अक्कांनी हे हेरलं होतं. लेक सुटीत आली तेव्हा तिच्याकडून त्यांनी डब्यात ढोलकीचे आवाज भरून घेतले, तो बाप्या आला की त्याच्या हाताकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून नुसतं ऐकलं, आणि त्याचा एकेक बोल एकेका घरात नेऊन बसवला. भजनी ठेका त्यांच्या बोटांत असा बसला की डोळे मिटून ऐकलं तर ढोलकीच. एका एकादशीला बाप्या आला नाही, आणि अक्का चपलांजवळून उठून डबा घेऊन पुढं आल्या. मी त्यांच्या मागं नमदा घेऊन.

"हे काय हाय?" काकूंनी विचारलं.

"ढोलकी," अक्का म्हणाल्या.

काकूंनी ऐकलं. बायका माना डोलवायला लागल्या. पण काकू म्हणाल्या, "ह्याला काय वाजवणं म्हणत्यात व्हय? बटन दाबलं की वाजतंय ते. आमच्या नातवाच्या खेळण्यात बी असतंय तसलं." अक्का म्हणाल्या, "बटन नाय हो काकू, बोटं हायत." काकू म्हणाल्या, "साडी वाजवणारीला असती. बटन दाबणारीला देत बसलो तर उद्या पंखा लावणारी बी मागंल." सगळ्या हसल्या. पडद्याआड अक्कांची बोटं बराच वेळ चालत होती, आवाज बंद करून.

तरी काकूंनी भजन सुरू केलं, कारण ढोलकीवाचून त्यांनाही करमत नव्हतं. आणि तिथंच सगळं बिघडलं. काकू गातात ते मनानं गातात. कुठं ओळ ओढतात, कुठं डोळे मिटून एखाद्या शब्दावर बसून राहतात, मग एकदम धावत सुटतात. तो ढोलकीवाला त्यांच्या मागं मागं जायचा. अक्का कशाला जातात! त्यांचा ठेका रेल्वेच्या वेळापत्रकासारखा, आणि तोही कागदावरच्या, खऱ्या नव्हे. दुसऱ्या अंतऱ्याला काकू एका वळणावर राहिल्या आणि अक्का पुढं निघून गेल्या. तिसऱ्याला अक्कांनी चक्क वाजवणं थांबवून पट्टी आपटावी तसा हात जमिनीवर आपटला, "काकू, अर्धी मात्रा मागं हाय तुम्ही!" देवळात असं कुणी काकूंना बोललं नव्हतं. काकू म्हणाल्या, "बघा! मशीनच हाय. माणूस असतं तर थांबलं नसतं का?"

पुढची गंमत आमच्या ह्या भजनी मंडळाशिवाय जगात कुणाला सुचली नसती. पुढच्या एकादशीला काकूंनी अक्कांकडे निरोप धाडला: तुम्ही दमू नका, डबा तेवढा द्या, बटन आम्ही दाबतो. मला वाटलं, आता अक्का दारच आपटतील. पण त्या गोड हसल्या, डबा फडक्यानं पुसला आणि म्हणाल्या, "घेऊन जा की. नमदा बी न्या." देवळात बायकांनी डबा पाटावर ठेवला, कुणीतरी हळदकुंकूही वाहिलं, आणि काकूंनी गायला सुरुवात करताच एकीनं एक घर दाबलं. धुम्म, एवढंच. पुन्हा दाबलं. पुन्हा धुम्म. मग सगळ्यांनी मिळून सापडेल ते दाबलं आणि गवळणीच्या ऐन मधोमध झांजेचा असा काही कडकडाट झाला की दारातलं कुत्रं पळून गेलं. संध्याकाळी डबा रुमालात गुंडाळून परत आला. काकूंचा निरोप: "बिघडलेला डबा दिला अक्कांनी." म्हणजे डबा आपोआप वाजतो ह्यावरची त्यांची श्रद्धा तसूभरही हलली नव्हती. अक्का इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. पण हसणं संपल्यावर ते पाणी तसंच राहिलं. "मला साडी नकोय गं," त्या म्हणाल्या, "नुसतं एकदा म्हणावं त्यांनी, अक्का वाजवती म्हणून."

मग त्यांनी नवाच अभ्यास काढला. मी काकूंचं भजन मोबाइलवर भरून आणत असे आणि अक्का त्याच्यावर वाजवत बसत. दोन-तीन भजनं झाल्यावर त्या हताश होऊन म्हणाल्या, "ही बाई चुकती ते ठीकाय. पण रोज वेगळ्या जागी चुकती. धडा कसा बसवायचा?" मी म्हटलं, "अक्का, ते चुकणं नाही, ते त्यांचं मन भरून येतं तसं असतं." अक्का माझ्याकडे असं बघत राहिल्या, जणू मी अभ्यासक्रमाबाहेरची शंका विचारली होती. "मन भरून आलं तर लवकर भरावं की," त्या म्हणाल्या.

आणि करमाडच्या सप्ताहाचं बोलावणं आलं. काकूंचं माहेर. तिथं गायचं म्हणून काकू महिनाभर आधीपासून ताक बंद करून बसल्या होत्या. जायच्या दिवशी सकाळी ढोलकीवाल्याचा फोन, पाळी बदलली, येणं होत नाही. काकू स्वतः अक्कांच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "चला. डबा घ्या. बिघडलेला असंल तर वाटंत बघू." अक्का तयारच होत्या, मला तर वाटतं, त्या कैक दिवस तयारच बसल्या होत्या.

मंडळाची गाडी पुढं गेली. अक्का, मी आणि हे मागून आमच्या गाडीत. जालना रोडला लागलो, विमानतळ मागं पडला, आणि पुढं एक धनगर मेंढरांचा कळप घेऊन रस्ता ओलांडत होता. हे थांबले. अक्कांची बोटं डॅशबोर्डवर सुरू झाली. कळप काही संपेना. अक्का काच खाली करून ओरडल्या, "अहो, जरा रांगेत घ्या की त्यांना! आम्हाला उशीर व्हायलाय!" धनगरानं मागं वळून बघितलं. "बाई, घाई तुम्हाला हाय, मेंढरांना नाय," तो म्हणाला आणि आपल्या चालीनं निघून गेला. ह्यांना हसू आवरेना. अक्का करमाडपर्यंत आमच्याशी बोलल्या नाहीत.

मांडवात गर्दी होती. मंडळाच्या बायका मोरपंखी साड्यांत पुढं बसल्या, त्यांच्या कडेला फिक्या पातळात अक्का, पुढ्यात नमदा, नमद्यावर डबा, डब्यावर पडदा. साऊंडवाल्यानं स्पीकरपुढं माईक धरून ठेवला. पहिली दोन भजनं बरी गेली. म्हणजे काकू पुढं-मागं झाल्या की अक्कांचे ओठ आवळले जायचे, पण हात चालूच राहायचे. तिसरा अभंग सुरू झाला तेव्हा दोन माणसांनी एक खुर्ची उचलून आणली आणि पुढं ठेवली. खुर्चीत काकूंचे थोरले भाऊ होते. मला ते पुढं कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की एक वाळलेला म्हातारा माणूस, अंगावर पांघरूण, अंथरुणातून उठवून आणलेला. बहीण गायला येणार म्हणून हट्ट धरून आला होता. काकूंनी डोळे उघडले, ते समोर दिसले, आणि ऐन शेवटच्या चरणात काकूंचा गळा बंद झाला.

सगळा मांडव थांबला. टाळ थांबले. माझा जीव टांगणीला, कारण मला अक्का माहीत. आता ह्या पुढं निघून जाणार, नाहीतर अर्धी मात्रा म्हणून मोठ्यानं सांगणार, आणि काकू माहेरच्या माणसांपुढं उघड्या पडणार. मी अक्कांकडे बघितलं. त्यांनी पडद्यातून एक हात बाहेर काढून मांडीवर ठेवला होता. दुसऱ्या हाताच्या एका बोटानं त्या फक्त एकच घर वाजवत होत्या, अगदी हळू, निजलेल्या लेकराला थोपटावं तसं. ठेका नव्हता तो. नुसतं, मी इथं हाय, तुमचं होऊ दे, एवढंच होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी अक्कांना हाताकडे नव्हे, कागदाकडे नव्हे, भिंतीकडे नव्हे, तर समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघत वाजवताना पाहिलं. काकूंनी पदर तोंडाला लावला, काढला. अक्का थोपटत राहिल्या. मग काकूंनी चरण उचलला तो भलत्याच जागी, मात्रेच्या पार मधोमध. अक्कांनी त्यांना तिथंच घेतलं आणि दहाही बोटांनी अशी ढोलकी सोडली की पुढच्या बायाबाप्यांनी आपोआप टाळ्या धरल्या. म्हातारा खुर्चीत मान हलवत होता. मी रडत होते. कशासाठी ते तेव्हा सांगता आलं नसतं.

अभंग संपल्यावर काकू माईकसमोरून उठल्याच नाहीत. आधी डब्याकडे बघितलं, मग अक्कांकडे.

"मला हुंदका आला ते बटनाला कसं कळलं गं?"

"बटनाला नाय कळलं," अक्का म्हणाल्या.

काकू मग माईक तसाच चालू असताना, सबंध करमाडला ऐकू जाईल अशा त्या आवाजात म्हणाल्या, "बायांनो, डबा वाजत नाय गं. अक्का वाजवती." आणि शेजारणीला म्हणाल्या, "ह्यांच्या मापाचं पोलकं शिवायला टाका."

परत निघालो तेव्हा उन्हं कलली होती. अक्का पुढच्या सीटवर, मांडीवर डबा, त्यावर दोन्ही हात. मी मागून माझा जुना प्रश्न विचारला. आज उत्तर मिळेल असं वाटलं. "अक्का, खरं सांगा, इतकी वर्षं काय टाईप करत असता?"

"धडा पहिला," त्या म्हणाल्या. "दुसरं काय असणार? शिकवायला कुणी नसलं की आपलं आपणच करायचा." मग बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिल्या, आणि अचानक, कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाल्या, "एकच वर्ष मागितलं होतं गं त्या मास्तरांनी. बहिणीसाठी."

ह्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. पुढं सकाळचाच कळप सकाळच्याच जागी रस्ता ओलांडून घराकडे निघाला होता, तोच धनगर, तीच सावकाश चाल. ह्यांनी सवयीनं हॉर्नवर हात ठेवला.

"नको वाजवू," अक्का म्हणाल्या. "होऊ दे त्यांचं."

आम्ही थांबून राहिलो. शेवटचं मेंढरू पलीकडे गेलं, मागच्या गाड्या ओरडायला लागल्या, तरी अक्का त्या कळपाकडे बघत होत्या. मी वाकून पाहिलं, तर त्यांची दहाही बोटं डब्यावर नुसती ठेवलेली होती. एकही हलत नव्हतं.